घडी न मोडलेलं नाव

सोयरीक ठरतानाच तुळजाबाईंनी एक अट घातली होती : मुलीचं नाव बदलायचं. मुलगी चांगली होती, कामाला चपळ होती, पण तिचं नाव दगडाबाई होतं आणि तुळजाबाईंच्या मालकांचं दगडोबा. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून गेली बावीस वर्षं तुळजाबाई बांधावरच्या दगडालाही धोंडाच म्हणत आल्या होत्या. मग सुनेला दिवसातून पन्नास वेळा हाक कशी मारणार?

अट ऐकून सगळ्यांत जास्त आनंद झाला तो दगडालाच. तिच्या आधीची तीन भावंडं दगावली होती. ही तरी टिकावी म्हणून बापानं तिचं नाव दगडा ठेवलं. ती टिकली, कधी साधा तापही आला नाही. पण तिच्या गावच्या पोरी नदीवर धुणं धुताना तिला सांगायच्या, "दगडा, लांब हो बाई, पडलीस तर वर येनार न्हाईस." ते तिच्या मनात राहिलं होतं. लग्नाच्या शालूपेक्षा ती नव्या नावाची वाट पाहत होती.

मांडवात भारतनं, म्हणजे नवऱ्या मुलानं, ताटातल्या तांदळावर अंगठीनं नाव लिहिलं. त्याचं शिक्षण चार इयत्ता आणि तेही सरकारी उर्दू शाळेत, त्यामुळे अक्षरं थोडी इकडेतिकडे झाली. त्रिंबकभटांनी ताट तिरपं धरून मोठ्यानं वाचलं, "सत्यभामा."

"जी," मांडवाच्या कोपऱ्यातून आवाज आला.

सगळ्यांच्या माना वळल्या. भारतची आजी गुडघ्यावर हात ठेवून अर्धवट उठली होती.

"आये," दगडोबांनी विचारलं, "तुझं नाव सत्यभामा हाय?"

"हाय की."

"मग आजवर कावून सांगितलं न्हाईस?"

"इचारलं कुनी?"

वडिलांच्या माघारी जमीन नावावर झाली तेव्हा कचेरीतल्या कारकुनानं दगडोबांना आईचं नाव विचारलं होतं. त्यांनी बराच विचार करून 'आई' असं सांगितलं होतं, आणि सरकारी कागदावर उर्दूत तेच लिहिलेलं होतं.

खरी अडचण तुळजाबाईंची झाली. आदल्या दिवशीपर्यंत त्यांनी सत्यभामा म्हणून घर डोक्यावर घेतलं असतं तरी चाललं असतं. आता ते सासूचं नाव निघालं, आणि सासूचं नाव घेणं म्हणजे नवऱ्याचं घेण्याइतकंच वाईट. जुनं नाव घेता येत नव्हतं, नवंही घेता येत नव्हतं.

पहिल्या दिवशी त्यांनी "सूनबाई" म्हणून पाहिलं. विहिरीवर ती हाक गेली तेव्हा एकदम पाच जणी वळल्या आणि एकीची घागर फुटली. दुसऱ्या दिवशी त्यांनी तांब्यावर उलथनं वाजवायला सुरुवात केली. एक ठोका म्हणजे इकडे ये, दोन म्हणजे पाणी घेऊन ये. हे चांगलं चाललं. पण शेजारी छबुबाई भांडी घासायला बसली, की नवी सून ओल्या हातानं पाण्याचे तांबे आणून ठेवत सुटायची. एका सकाळी ओळीनं नऊ तांबे उभे राहिले.

"आता तिसरं नाव ठिवायचं," तुळजाबाईंनी निकाल दिला. "गुरुवारी भटजी येनार हायती. म्या नाव बी काढून ठिवलंय. धोंडाबाई. माझ्या तोंडात बसलेलं हाय."

सगळा खटाटोप करून सून दगडाची धोंडा होणार होती. दुपारी ती थोरल्या आत्याबाईंचे, म्हणजे आजेसासूचे, पाय चेपायला बसली.

"तुमचं नाव म्या घेतलं, राग आला का?"

"राग कशाचा?" म्हातारी म्हणाली. "माझ्या लग्नात भटजीनं एकदा वाचलं, त्येवढंच. सासू 'अगं' म्हनायची, मालक 'ऐकलं का', पोरं 'आये'. साठ वर्सं झाली. घडी बी मोडली न्हाई त्याची."

"मग मांडवात 'जी' कावून म्हनलात?"

"साठ वर्सांनी कुनी हाक मारली, ओ देऊ नगं?"

गुरुवारी त्रिंबकभट आले. तांदळाचं ताट मांडलं, तेव्हा म्हातारी सरकत सरकत येऊन ताटापाशी बसली आणि तिनं त्यातल्या तांदळावर हात फिरवून ते सपाट केले.

"तुळजे, तुला हिला हाक मारता येत न्हाई. मला येती. काम पडलं, की मला सांग."

तुळजाबाईंनी विचार केला. यात कुणाचंच नाव घ्यावं लागत नव्हतं. भटजींनी तेच तांदूळ उपरण्यात बांधून घेतले आणि ते निघून गेले.

तेव्हापासून घर सुरळीत चालू लागलं. तुळजाबाई चुलीपुढून म्हणत, "आत्याबाई, भाकरीचं पीठ पायजे," आणि ओसरीवरून खणखणीत हाक जाई, "सत्यभामा, पीठ आन." सून एका हाकेत हजर होई. दिवसभर नुसती बसून असलेल्या म्हातारीला काम मिळालं. ती दोन घास जास्त जेवू लागली आणि काम नसतानाही हाका मारू लागली.

एकदा सून शेतात गेली होती. तुळजाबाई परसातून आत येत होत्या. ओसरीच्या कोपऱ्यातून म्हातारीची हाक आली, "सत्यभामा."

सून घरात नाही हे सांगायला त्यांनी तोंड उघडलं, तोच त्याच कोपऱ्यातून हळूच उत्तर आलं, "जी."

तुळजाबाई पाऊल न वाजवता पुन्हा परसात गेल्या.