कासमचाचांचा किल्ला

एकोणिसाव्या वर्षी मी जपानातला एक किल्ला पाडला. दुबईत, चटईवर बसून, फाउंटनपेनने. आपण मोठी अक्कल चालवली असंच तेव्हा वाटलं. सातवी पास होते ना, म्हणजे माझ्या मते बॅरिस्टरच. आज ती पोरगी समोर आली तर मी तिचा कान पिळीन.

किल्ला शेजारच्या कासमचाचांचा. साठ सालानंतरची गोष्ट. दुबईच्या देरा भागात खाडीजवळ, खजुरीच्या झावळ्यांच्या घरांत आमची रत्नागिरीकडची चार-पाच बिऱ्हाडं होती. चाचा दाभोळच्या खाडीकाठचे, पूर्वी आगबोटीवर खलाशी. जपानात माल चढवताना यंत्रात त्यांचा उजवा हात कोपरापासून गेला. तिथल्या नदीकाठच्या इस्पितळात सहा महिने पडून होते. बाजूच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याने खिडकीतून दिसणाऱ्या किल्ल्याचा इतिहास त्यांना खुणा करून, चित्रं काढून सांगितला. "मला त्याची भाषा येईना, त्याला माझी," चाचा म्हणत, "म्हणून सहा महिन्यांत एकदाही भांडण नाही." बरे झाल्यावर एका हाताने गावी जायचं जिवावर आलं, म्हणून दुबईतच उतरले आणि एका गोदामावर पहारेकरी झाले.

खरं तर खिडकीतून किल्ला दिसतच नव्हता, नुसता दगडी पाया उरला होता. पण चाचा आमच्याकडे जेवायला बसले की ताटात अख्खा किल्ला उभा राही. भाताचा ढीग मधे, दोन बाजूंनी कालवणाच्या नद्या, संगमावर सुरमईचा काटा पहाऱ्याला. तांदळाच्या होड्या इथूनच जाणार, म्हणून ज्याच्याकडे हा कोपरा त्याच्याकडे सगळं खोरं. "नजर पाण्यावर ठेव, पोरी," ते बजावत, आणि माझं जेवण गार होई. दुबईच्या खाडीवर बुरूज कुठे हवेत तेही त्यांनी ठरवून टाकलं होतं. पलीकडे नेणारे होडीवाले त्यांना पाहिलं की "यल्ला, चला किल्लेदार" म्हणत जागा करून देत.

चाचांचा लिहिता हातच गेलेला, म्हणून हलिमाचाचींना गावी जाणारं महिन्याचं पत्र मी लिहायची. दोन ओळी सलाम, मग पाठपोट किल्ला. त्यात मोठा भाऊ लढाईवर गेलाय, धाकटा किल्ल्यात अडकलाय, शत्रूने नदीला बांध घालून पाणी आत सोडलंय, तटावर बेडूक चढलेत. स्वतःबद्दल अवाक्षर नाही. हाताबद्दल तर नाहीच, ती सक्त ताकीद. अक्षर बदललं ते कामातून फुरसत नाही म्हणून, एवढंच चाचींना ठाऊक. मी दुबईत येण्याआधीची धरून अशी सात वर्षं झाली होती.

त्या महिन्यात मला दिवस गेले होते. मासळीच्या वासाने पोटात ढवळायचं, आणि चाचा बेडकांवरून हलायला तयार नाहीत. मी वैतागून लिहिलं, 'पाणी ओसरलं. किल्ला पडला. गोष्ट संपली.' वाचून दाखवताना मात्र त्यांनी सांगितलेले बेडूक जसेच्या तसे वाचले. चाचा खूश. मी त्यांच्याहून खूश.

महिन्याने चाचींचं उत्तर आलं, गावच्या मास्तरांच्या अक्षरात. तेही मलाच वाचायचं होतं. 'गोष्ट पुरी झाली की घरी येतो, असं तुम्ही पहिल्या पत्रात लिहिलं होतं. ते पत्र मी जपून ठेवलंय. घराला चुना काढलाय. दर बोटीला धक्क्यावर जाते.'

ते पहिलं पत्र मी लग्न होऊन येण्याच्या कितीतरी आधीचं, दुसऱ्याच कुणाकडून लिहून घेतलेलं. रडत रडत मी माझा पराक्रम सांगितला. आता ओरडतील म्हणून मान खाली घालून बसले. ते ओरडले नाहीत. धक्क्याची ओळ तेवढी पुन्हा वाचायला लावली.

दुसऱ्या दिवशी एक कोट, कापूस आणि हातमोजा घेऊन आले. म्हणाले, उजव्या बाहीत हात शिवून दे. कधीतरी तिला सांगायचंच आहे, पण धक्क्यावर नको, चार लोकांदेखत नको.

पहिला हात पैलवानाचा झाला. दुसरा असा ताठ की चाचा उभ्या उभ्या सलाम ठोकतायत. दोघंही पोट धरून हसलो. तिसरा बरा जमला. चाचांनी तो डाव्या हाताने उचलून मांडीवर ठेवला, बराच वेळ बघितला आणि म्हणाले, बोटं जाड वाटतात. मग मनगट बारीक वाटलं. मग कोपर चुकलं. मुंबईची बोट यायची, सुटायची, आणि मी पुन्हा बाही उसवायला घ्यायची. बाही केव्हाच नीट झाली होती. मला ते दिसत होतं, पण मी काही बोलले नाही. आधी एकदा शहाणपण करून बसले होते ना.

दोन महिन्यांनी चाचांच्या भावाचं पत्र आलं. चार दिवसांच्या तापात हलिमाभाभी गेली. त्याआधीच्या बोटीलाही धक्क्यावर जाऊन आली होती.

वाचून झालं. तोंडातून फक्त "चाचा, माझ्यामुळे" एवढंच निघालं. त्यांनी कोट मांडीवरून बाजूला ठेवला आणि डावा हात माझ्या डोक्यावर ठेवून म्हणाले,

"रडू नको, पोरी. सात वर्षं ती किल्ला पडायची वाट बघत होती. तुझ्यामुळे शेवटी दोन-तीन महिने माझी बघितली."