सत्त्याऐंशी टक्के

आमचे शेजारी हसुराम म्हात्रे यांना ‘काय, बरं आहे ना?’ असे विचारले की ते टक्क्यांत उत्तर देत. ‘एक्केचाळीस,’ असे म्हणून सकाळी जिना उतरत. संध्याकाळी भाजीची पिशवी घेऊन परत येताना ‘त्रेसष्ट, पण अडकलंय’ असे सांगत. रोह्याजवळच्या वरसे गावातल्या आमच्या इमारतीतल्या निम्म्या लोकांची समजूत अशी होती की हसूभाऊंना काहीतरी दुखणे आहे आणि डॉक्टर ते टक्क्यांत मोजतात. तळमजल्यावरच्या काकूंनी तर एकदा त्यांना दुधीचा रस पाठवला. तो त्यांनी प्यायला, आणि भांडे परत करताना सांगितले, ‘सत्तर.’ काकूंना फार समाधान वाटले.

टक्के प्रकृतीचे नव्हते. हसूभाऊ एका जुन्या लॅपटॉपवर गाणे लिहिण्याचा प्रोग्रॅम बांधत होते. पाच रेघांवर सुरांचे ठिपके मांडायचे, खाली गाण्याचे शब्द लिहायचे, आणि बटण दाबले की यंत्र ते वाजवून दाखवते. हा प्रोग्रॅम फुकट मिळतो आणि तयारही मिळतो. पाच मिनिटांत लॅपटॉपवर बसतो. हसूभाऊंना तयार नको होता. त्यांना त्याचा सोर्स कोड, म्हणजे मुळातला सगळा मजकूर, उतरवून घेऊन तो आपल्या यंत्रावर कंपाईल करायचा होता. वाढलेले ताट समोर असताना शिधा आणून चूल पेटवायची, असा तो प्रकार. चूल कुठवर आली ते पडद्यावर टक्क्यांत दिसते. हसूभाऊंच्या लॅपटॉपला त्यासाठी दिवस लागे, आणि बहुतेक वेळा तो सत्त्याऐंशी टक्क्यांवर मान टाकी.

‘पण तयार का नको?’ मी विचारले.

‘सर, दुसऱ्यानं पेटवलेला बॉयलर मी कधी ताब्यात घेतला नाय.’

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून निदान शंभरदा ऐकले असेल. धाटावच्या एका केमिकल कंपनीत ते एकतीस वर्षे बॉयलरवर होते. शिफ्ट बदलताना तिथे लॉगबुकात दोन सह्या लागतात: एक ‘ताबा देणार’, दुसरी ‘ताबा घेणार’. बाकीचे लोक सही ठोकून चहाला जात. हसूभाऊ आधी पाण्याची काच बघत, प्रत्येक व्हॉल्व्ह आपल्या हाताने फिरवून बघत, सुटणाऱ्या माणसाला उभे करून प्रश्न विचारत. त्या माणसाची गाडी चुके. कंपनीत त्यांना मित्र नव्हते, याचे हे एक कारण. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एकदा त्यांनी न बघता सही केली होती. त्याची खूण डाव्या कोपरापासून मनगटापर्यंत आहे. त्या दिवसाबद्दल ते बोलत नाहीत. बाही मात्र मे महिन्यातही खाली असते.

निवृत्त झाले तेव्हा कंपनीने शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचे घड्याळ दिले. साहेबांनी भाषणात त्यांना ‘आपल्या बॉयलरचा आत्मा’ म्हटले आणि त्यांचे नाव ‘सुखराम’ असे घेतले. घड्याळ वर्षभरात बंद पडले. हसूभाऊंनी त्याची नोंद लॉगबुकात केली. हो, लॉगबुक घरी आले होते. कोरे, जाड, दोन सह्यांच्या रकान्यांसकट. त्यात आता प्रोग्रॅमची नोंद होई: ‘सकाळ शिफ्ट. ८७. मेमरी संपली. बंद.’ दोन्ही रकाने कोरे. घरात दुसरे माणूसच नव्हते. सुलभावहिनी जाऊन चार वर्षे झाली होती.

मी तीस वर्षे शाळेत मराठी शिकवले. माणसाला छंद असावा, असे आम्ही मुलांना निबंधात लिहायला लावतो. तो शेजाऱ्याला असला की कसे वाटते, हे कुठल्याच निबंधात येत नाही. मी हसूभाऊंची बरीच थट्टा केली. फाल्गुनात एके दिवशी जिन्यात विचारले, ‘काय बॉयलर, आज किती?’

ते थांबले. ‘सर, बायला घशाचा कॅन्सर निघाला. स्वरयंत्र काढनार. पाडव्यानंतरच्या सोमवारी.’

बाय म्हणजे त्यांची थोरली बहीण, चांगुणा. पेणच्या खाडीकडच्या गावात तिचे सासर, आयुष्य मिठागरावर गेलेले. आता ती पेणमध्येच, रामवाडीला मुलीकडे राहत होती. पण त्या पट्ट्यात तिला मीठवाली म्हणून कोणी ओळखत नाही. ती धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून सगळे विधी जिच्या गाण्यावर चालतात ती बाई. त्या गाण्यांना धवले म्हणतात. तिला लिहिता-वाचता येत नाही. दोन-दोन दिवस पुरतील इतके धवले तिच्या डोक्यात, आणि डोक्यातून बाहेर यायची वाट त्या घशातून.

‘मग फोनवर भरून घ्या की, आजच!’ मी म्हणालो.

त्यांनी मला घरात नेऊन एक ध्वनिमुद्रण ऐकवले. मागच्या वर्षीचे, एका लग्नातले. साडेसात मिनिटे डीजे ऐकू आला. मध्येच कुठेतरी, भिंतीपलीकडून यावा तसा, एका म्हातारीचा आवाज.

‘घरी म्हणायला सांगा.’

‘सांगितलं. ती म्हनते, नवरा कोन, नवरी कोन? नावं कोनाची घालू?’ धवल्यात दर थोड्या ओळींनी नवरा-नवरीची नावे येतात. लग्न नाही तर नावे नाहीत, नावे नाहीत तर धवला नाही. चांगूबाय या बाबतीत भावाच्याच वळणाची होती.

‘आणि हे कागदावरच कशाला हवं?’

त्यावर हसूभाऊंनी बाही आणखी खाली ओढली आणि जे सांगितले ते त्यांच्या टक्क्यांइतकेच तुटक होते. नोकरीआधी ते पेणला एका ब्रास बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवत. बँडमास्तरांकडे पाच रेघांची वही असे. जे या वहीत आहे ते संगीत, बाकी कलकलाट, असे मास्तर सांगत, आणि विशीतल्या हसूभाऊंना ते पटले होते. स्वतःच्या लग्नात त्यांनी हॉल घेतला, बँड लावला, साहेबांना बोलावले. चांगूबाय हळदीचे ताट घेऊन पुढे आली, गाण्यासाठी घसा साफ केला. तेव्हा नवरदेव चारचौघांत म्हणाला, ‘बाय, तुझं गानं कागदावर हाय का? नाय ना? मंग बस मागं.’

ती मागे बसली. शेवटच्या ओळीत. जेवून गेली. पुढे चौतीस वर्षे भावाकडे आली-गेली, वहिनीची बाळंतपणे केली, मयताला रडली. त्या वाक्याचा विषय तिने कधी काढला नाही.

‘आता कागदावर लिवतो,’ हसूभाऊ म्हणाले. ‘पन यंत्र माझ्या हातचं पायजे. मंगच सही करीन.’

मी त्या दिवसापासून थट्टा बंद केली, आणि ते जास्त वाईट झाले. कारण आता मलाही टक्के कळत होते. चौपन्न. ऐंशी. सत्त्याऐंशी, बंद. पुन्हा शून्य. मी एकदा हळूच म्हटले, या वेळेपुरता तयार प्रोग्रॅम घ्या. त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मी न बघता सही करणाऱ्यांतला आहे हे त्यांना आधीपासून माहीत होते.

रविवार उजाडला. सोमवारी तिला दवाखान्यात न्यायचे होते. सकाळी लॅपटॉप सत्त्याऐंशीवर पडला. हसूभाऊंनी झाकण लावले, लॉगबुकात ‘बंद’ लिहिले आणि माझे दार वाजवले. ‘सर, चला. मना एकट्याला जाववत नाय.’

रामवाडीच्या त्या घरात चांगूबाय भिंतीला टेकून बसली होती. आवाज आधीच खरखरीत झाला होता, पण जीभ शाबूत होती.

‘आनलास का रं तुझा डबा?’

‘नाय झाला.’

‘एवढ्या दिसांत आगरात मीठ पिकतं रं!’

हसूभाऊ तिच्यासमोर बसले. ‘बाय, धवला म्हन.’

‘लगीन कोनाचं?’

‘माझं.’

ती माझ्याकडे वळली. ‘सर, याचं डोकं फिरलं. तुमी काय शिकवलंत याला?’

‘नवरा हसुराम,’ हसूभाऊ म्हणाले, ‘नवरी सुलभा. तवाचं र्‍हायलंय.’

आतून कुकरची शिट्टी झाली. मग चांगूबायने मुलीला हाक मारली. ‘गो, पाट आन. आनी कुंकू.’ आणि भावाला म्हणाली, ‘बोडका बसतोस काय? नवरा हायस. डोक्यावर कायतरी घे.’

टोपी नव्हती. त्यांनी रुमाल घेतला. चौसष्ट वर्षांचा तो माणूस डोक्यावर चौकड्यांचा रुमाल टाकून पाटावर बसला, हात जोडून. शेजारचा अर्धा पाट मोकळा ठेवला होता.

ती गायली. मी वृत्ते शिकवून तीस वर्षे काढली. हे कशात बसते ते मला सांगता येणार नाही. वर जाताना आवाज फाटे. ती थांबे, कोणाचीही माफी न मागता, आणि तोच सूर खालून पुन्हा उचलून आणी. दर थोड्या ओळींनी हसुराम येई आणि त्याच्या मागून सुलभा. पाऊण तास चालले असेल. शेवटी तिने मोकळ्या अर्ध्या पाटावर कुंकू टाकले आणि म्हणाली, ‘झालं. लागलं तुझं लगीन.’ मग आम्ही चहा घेतला.

परतीच्या गाडीत आम्ही दोघे समोरासमोर बसलो. नागोठणे गेले. निडीला गाडी थांबली, कोणी चढले नाही, कोणी उतरले नाही. किती वाजले बघावे म्हणून मी खिशात हात घातला आणि हाताला मोबाइल लागला. पूर्ण चार्ज केलेला. सकाळी मी तो धवला भरून घेण्यासाठीच चार्ज केला होता.

मी तो बाहेर काढून मांडीवर ठेवला. हसूभाऊंनी त्याच्याकडे पाहिले. स्वतःचा खिसा चाचपला. त्यांचाही होता.

‘सर,’ ते म्हणाले, ‘नवऱ्यानं हात जोडून बसायचं असतं. माझं ठीक हाय. तुमी कोन होतात?’

‘वऱ्हाडी,’ मी म्हणालो.

‘मंग तुमचंही ठीक.’

रोह्याला आम्ही उतरलो.

ऑपरेशन यशस्वी झाले, असे डॉक्टर म्हणाले. गळ्याला भोक राहिले आणि आवाज गेला. त्यानंतर बाराव्या दिवशी प्रोग्रॅम शंभर टक्के झाला. हसूभाऊंनी जिन्यात सांगितले नाही. मला लॉगबुकात दिसले. ‘१००. चालू.’ इतके दिवस लॅपटॉप एका वेळी चार-चार तुकडे रांधायला बघत होता आणि त्याची मेमरी संपत होती. एका वेळी एकच घे, असे सांगितल्यावर निमूटपणे झाले. एवढीच गोष्ट होती. ती त्यांनी मला समजावून सांगितली, मान खाली घालून, अपघाताचा अहवाल द्यावा तशी.

मग ते दर रविवारी पेणला जाऊ लागले. मला वाटले, बहिणीला भेटायला. श्रावणात एकदा मीही गेलो.

टेबलावर लॅपटॉप होता. पडद्यावर पाच रेघा, त्यांच्या खाली शब्द. शब्द त्यांना पाठ होते, लहानपणापासून कानावर पडलेले. धवल्याचा सूर मात्र, क्लॅरोनेट वाजवूनही, त्यांना कधी धरता आला नव्हता. चांगूबाय शेजारी बसलेली, गळ्यावर पांढरे फडके. हसूभाऊ एक ठिपका ठेवत आणि बटण दाबत. यंत्र शाळेच्या घंटेसारखा आवाज करी. ती मान हलवी: नाय. ठिपका वर. नाय. आणखी वर. ती बोट खाली दाखवी. खाली. तिने भावाच्या हातावर चापट मारली. ‘कलकलाट म्हनते मला,’ हसूभाऊंनी भाषांतर केले. तिचे खांदे हलले. हसत होती.

एका सुराला चाळीस मिनिटे लागली. मग तिने डोळे मिटले आणि मान डोलावली.

‘आतापरेंत किती झाले?’ मी विचारले.

‘तेवीस. पन मागच्या रविवारचे दोन तिनं आज रद्द केले. एकवीस.’

मी शिक्षक आहे, हिशेब आपोआप होतो. एक धवला पाऊण तासाचा. खिडकीत औषधांच्या खाली तिच्या नव्या तपासणीचा कागद होता, आल्या आल्या तिच्या मुलीने मला तो दाखवला होता. तो चांगला नव्हता. हसूभाऊंनीही तो वाचला होता.

‘थंड बॉयलर हळूच तापवायचा असतो, सर,’ माझ्याकडे न बघता ते म्हणाले.

मग त्यांनी पिशवीतून लॉगबुक काढले आणि लिहिले: ‘रविवार. सूर एक. शब्द: सुलभा, पहिले अक्षर.’ शाईचे पॅड उघडून बहिणीपुढे धरले. मागची पाने मी उलटून बघितली. सगळीकडे तेच. ‘ताबा देणार’ या रकान्यात निळा अंगठा, ‘ताबा घेणार’ या रकान्यात ह. रा. म्हात्रे.

तिने अंगठा उठवला. हसूभाऊंनी पेन उघडले, पण सही केली नाही. आधी तो सूर वाजवून बघितला. मग आणखी एकदा. मग लॅपटॉपला कान लावून तिसऱ्यांदा. सुटणाऱ्या शिफ्टचे माणूस, शाई लागलेला अंगठा पदराला लागू नये म्हणून वर धरून, त्यांचे होईपर्यंत थांबून राहिले.