कानसेनचं जुनं पेडल

आमचा कानसेन म्हणजे पंपांचा डॉक्टर! पंप उघडायचीसुद्धा गरज नाही. स्क्रू ड्रायव्हरचं टोक पंपाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. "बेअरिंग!" म्हणाला की बेअरिंगच. अख्खी बिल्डिंग त्याला कानसेन म्हणायची, आणि तोही नाव विचारलं तर आधी हेच सांगायचा.

आता एवढा कान असल्यावर माणूस गाणंबजावणं सोडतो होय? बिल्डिंगच्या बँडमध्ये कानसेन सात वर्षं बास गिटार वाजवत होता. वाजवत होता हे त्याला माहीत होतं. बाकी कुणालाच नव्हतं.

"अरे कानसेन," ड्रम वाजवणारे सेक्रेटरी शुक्रवारी म्हणाले, "तू स्टेजवर असतोस, हात हलत असतो, पण ऐकू काहीच येत नाही बघ. रविवारच्या कार्यक्रमाला कीबोर्डवाला डाव्या हाताने बास वाजवीन म्हणतोय."

डाव्या हाताने! त्याच्या सात वर्षांची किंमत दुसऱ्याच्या रिकाम्या हाताएवढी! कानसेनला मनापासून वाईट वाटलं. पण खचणाऱ्यातला तो नव्हे.

"साहेब, मला उद्याचा दिवस द्या," तो म्हणाला. "उद्या माझा बास ऐकू आला नाही, तर मी स्वतः गिटार माळ्यावर टाकीन!"

शनिवारी सकाळी दुकान उघडायच्या आधीच तो जुन्या वाद्यांच्या दुकानाच्या पायरीवर हजर. तिथे त्याला एक पेडल मिळालं. लोखंडी डबी, रंगाचे टवके उडालेले, वर तीन बटणं, बॅटरीचं झाकण गायब आणि त्या जागी चिकटपट्टी. बासची वायर यातून घ्यायची आणि पायाने दाबलं की मऊ आवाज एकदम जाडाभरडा, खरखरीत होतो.

"हे मधलं बटण अर्ध्यापुढे नेऊ नका," दुकानदार म्हणाला. "पुढे गेलं की हे कुणाचं ऐकत नाही."

"माझं ऐकेल," कानसेन म्हणाला. "मोठमोठे पंप ऐकतात!"

घरी येऊन त्याने पहिलं काम काय केलं? पेडल उघडलं! बटणांत फवारा मारला, आत एक इवलासा स्क्रू दिसला तोही पिळला, आणि मधलं बटण थेट शेवटापर्यंत नेलं. स्पीकर कोपऱ्यात, पाण्याच्या पाइपाला खेटून ठेवलेला होता. बायको बाजारात गेलेली. कानसेनने तार छेडली.

घर्रर्रर्र!

कपाटातल्या कपबश्या नाचल्या. कानसेनच्या डोळ्यांत पाणी आलं. सात वर्षांत पहिल्यांदाच त्याला स्वतःचा बास ऐकू आला होता!

तेवढ्यात सेक्रेटरींचा फोन. "अरे, खाली पंप कसला घरघरतोय! धावत ये!"

कानसेनने शिस्तीत स्पीकर बंद केला, गिटार स्टँडवर ठेवली आणि खाली पंपाच्या खोलीत गेला. पंप अगदी गुमान चाललेला.

"बघा! मला बघूनच ताळ्यावर आला," कानसेन म्हणाला.

वर येऊन त्याने बटण जरा इकडे, जरा तिकडे केलं, पुन्हा तार छेडली. पुन्हा फोन! पुन्हा खाली, पुन्हा पंप चिडीचूप. सेक्रेटरी डोकं खाजवायला लागले. कानसेन मात्र खूश. "माझी दहशत आहे हो याला!"

तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा तो वैतागला. कुठे बंद करत बसा! गिटार तशीच स्पीकरला टेकवून तो निघाला. आता, आवाज वाढवून ठेवलेल्या स्पीकरला बास टेकवला की तारा आपोआप थरथरायला लागतात आणि आवाज थांबतच नाही. कानसेन दार ओढून जिना उतरेपर्यंत वरचा बास एकटाच रंगात आला होता, आणि आवाज पाइपातून सरळ खाली.

खोलीत शिरताच कानसेनने कान टवकारले. घर्रर्रर्र!

"सापडला!" त्याने स्क्रू ड्रायव्हर टेकवला, डोळे मिटले. "बेअरिंग! शंभर टक्के बेअरिंग! माझा कान कधी खोटं बोलत नाही."

पंपाचं बटण बंद करून त्याने तो उघडला. नट, वॉशर, पाती, बेअरिंग, सगळं फरशीवर मांडलं. एव्हाना तिसऱ्या मजल्यावरचे काका टॉवेल गुंडाळून, डोक्याला साबण फासलेल्या अवस्थेत दारात उभे होते.

"अरे, पाणी कुठाय?"

"थांबा काका, रोग्याचं पोट उघडलंय!"

"रोग्याचं पोट उघडलंय, तर तो ओरडतोय कसा?" काकांनी विचारलं.

सगळ्यांनी फरशीकडे पाहिलं. पंपाचे अकरा तुकडे फरशीवर, वीज बंद, आणि घरघर चालूच! सेक्रेटरी दोन पावलं मागे सरकले. कानसेनने बेअरिंग उचलून कानाला लावलं. मग खाली ठेवलं. मग दुसरं काहीतरी उचललं.

तेवढ्यात बायको बाजाराच्या पिशवीसकट धापा टाकत आली.

"अहो, तुमची गिटार एकटीच वाजतेय घरात! ते डबडं बंद कसं करायचं?"

कानसेनच्या कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या. सेक्रेटरींनी आधी पाइपाकडे पाहिलं, मग छताकडे, मग त्याच्याकडे.

"म्हणजे हा तुझा बास?"

"हो," कानसेन म्हणाला. मग त्याला शुक्रवारचं बोलणं आठवलं आणि तो ताठ उभा राहिला. "ऐकू आला ना साहेब?"

सेक्रेटरींना हसू आवरेना. "आला रे बाबा! चारी मजल्यांना ऐकू आला. पंप जोड, पाणी चढव, मग उद्याची जागा तुझी!"

बायको वर जाऊन पेडलच उपसून घेऊन आली. घरघर थांबली. कानसेनने फटाफट पंप जोडला आणि ऐटीत बटण दाबलं.

घर्रर्रर्र!

"साहेब, हा आवाज पंपाचा नव्हे," कानसेन ठामपणे म्हणाला. "माझा कान सांगतोय. वर कुणीतरी पेडल दाबलंय!"

बायकोने पेडल सगळ्यांना दिसेल असं उंच धरलं. वायर खाली लोंबत होती.

कानसेनला घाम फुटला. रुमालासाठी त्याने खिशात हात घातला, आणि रुमालाबरोबर एक वॉशर बाहेर आला, टणकन फरशीवर पडला आणि गडगडत काकांच्या पायाशी जाऊन थांबला.

"दहा मिनिटं द्या," कानसेन हळूच म्हणाला. "पण साहेब, जागा माझीच ना?"

सेक्रेटरी काही बोलायच्या आत काकांनी वॉशर उचलून त्याच्या हातावर ठेवला.

"जागाही तुझी आणि वॉशरही तुझाच! आता पाणी सोड, साबण डोळ्यांत चाललाय माझ्या!"