माझ्या शर्टाची पिशवी

हाताने शिवलेली भेटवस्तू ही जगातली सर्वांत टिकाऊ वस्तू आहे. लोखंड गंजतं, लाकडाला वाळवी लागते, डब्यांची झाकणं हरवतात. पण घरी शिवलेली पिशवी दिल्या दिवशी होती तशीच वर्षानुवर्षं राहते. शिवण पक्की असते म्हणून, असा समज आहे. खरं कारण ती कोणी वापरत नाही, हे आहे.

हे मी अंदाजपंचे सांगत नाही. माझी सगळी नोकरी गोदामात आवक-जावक बघण्यात गेली आणि माझ्या बायकोच्या सगळ्या दुपारी शिलाई मशीनवर. आमच्या घरात कापडाची आवक मोठी होती. जावक तितकीच. ती वारली तेव्हा लक्षात आलं, की तिने शिवलेली एकही वस्तू घरात शिल्लक नाही. (मशीनवर घालायचं कव्हरसुद्धा नाही. ते कोणाला तरी आवडलं होतं.)

अशी भेट स्वीकारण्याची पद्धत ठरलेली आहे. प्रथम ‘अय्या!’ म्हणावं. मग वस्तू उलटीपालटी करावी. मग ‘अगदी विकत आणल्यासारखी वाटते’ असं म्हणावं. याहून मोठं प्रशस्तिपत्र या क्षेत्रात नाही. शेवटी ‘मी ही वापरणार नाही हं, जपून ठेवणार’ असं जाहीर करावं. माणसं दिलेला शब्द पाळत नाहीत म्हणतात. हा एक शब्द मी सर्वांना काटेकोरपणे पाळताना पाहिलं आहे.

दर वर्षाच्या सुरुवातीला बायको आम्हा दोघांच्या कपड्यांचं नियोजन करी. यंदा बाहेरून काही घ्यायचं नाही, सगळं घरी शिवायचं. पलंगावर कापडं मांडली जात आणि मला बसायला स्टूल मिळे. माझ्यासाठी एक राखाडी कापड होतं, बारीक पांढऱ्या रेघांचं. त्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट व्हायचा होता. तिने माप घेतलं.

“अहो, पोट आत घेऊ नका. शर्ट तुम्हाला घालायचाय, फोटोला नाही.”

नियोजनात काही खोट नव्हती. फक्त क्रम ठरलेला होता: आधी नातेवाईक, मग शेजारी, मग ओळखीचे, मग ओळखीच्यांचे ओळखीचे. आम्ही दोघं ‘आपण काय, घरचेच’ या सदरात येत होतो.

शर्ट बेतून झाला. डाव्या भागावर खिसासुद्धा लागला, आणि त्यात पेनासाठी वेगळी अरुंद जागा, कारण माझं पेन वाकलं की पडायचं. त्यानंतर मागण्या आल्या. बाह्यांची एका बाळाला लाळेरी झाली. पाठ वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या मिक्सरवर गेली. (मिक्सरला थंडी वाजत असावी.) उरलेल्या पुढच्या भागांची, खिशासकट, मेहुणीला खांद्यावर अडकवायची पिशवी मिळाली.

“ताई, पिशवीला एका बाजूला खिसा! किती कल्पक गं तू!” मेहुणी म्हणाली.

कल्पकता कसली, माझी छाती होती ती.

मी शर्टाचं विचारलं की बायको म्हणे, “तुमचं करू की पुढच्या वर्षी. तुम्ही कुठे पळून जाताय?”

मी कुठे पळून गेलो नाही.

भेटायला येणारी माणसं येऊन गेल्यावर मी चौकशी सुरू केली. तिच्या हातचं एक काहीतरी मला घरात हवं होतं. मोठं नको. पायपुसणं चाललं असतं. एकूण बावीस घरी विचारलं. बावीसही घरांत वस्तू जपून ठेवलेली होती. पैकी एकाही घरात ती सापडली नाही. मेहुणी तर रडली. “भाऊजी, ताईची पिशवी मी जिवापलीकडे जपलीय,” म्हणाली. कुठे, ते तिला आठवेना.

चौकशीचा एक परिणाम मात्र झाला. मला हाताने शिवलेलं आवडतं, अशी बातमी पसरली. सध्या घरी शिवण्याची फॅशन आहे, त्यामुळे सहानुभूतीला तोटा पडला नाही. उशीचे सात अभ्रे आले. (उशी एक आहे.) चष्म्याला तीन घरं झाली. मी प्रत्येक वेळी पद्धत पाळली. एका अभ्र्याला दुकानाची चिठ्ठी तशीच होती. तो विकत आणल्यासारखा वाटतो हे मी मनापासून म्हणालो.

मग एके दिवशी मोठ्या भावाची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, आल्या.

“भावजी, डोळे मिटा.”

मी मिटले. हातात मऊ घडी आली.

“आता उघडा. स्वतः शिवलीय हं. दोन दिवस बसले होते, कंबरेचा काटा ढिला झाला!”

राखाडी पिशवी होती. बारीक पांढऱ्या रेघा. एका बाजूला खिसा, खिशात पेनाची जागा. मी आत बघितलं. आतला दोरा हिरवा. बायको बॉबिनमध्ये उरलेला कुठलाही दोरा संपवायची. म्हणायची, आत कोण बघतंय. घडीच्या रेषेवर कापड पिवळं पडलं होतं. मेहुणीकडून वहिनींकडे ती कितव्या हाती पोचली कोण जाणे, पण वाटेत कोणी घडी मोडलेली नव्हती.

“हा खिसा कशाला, वहिनी?”

वहिनी खिशाकडे बघत राहिल्या. त्या तो पहिल्यांदाच बघत होत्या. “अहो, तशी फॅशनच आहे.”

“आणि ही बारीक जागा?”

“ती... लिपस्टिकला.”

“मला?”

“काहीही ठेवा हो! नको असेल तर द्या परत, माझी शेजारीण केव्हाची मागतेय.” वहिनींनी हात पुढे केला.

मी पिशवी पोटाशी धरली. “सुरेख झालीय. हात चांगला आहे तुमचा.”

“चला! तुमच्या बायकोसारखा कुठला?” वहिनी लाजल्या. “पण राग मानू नका, तिची शिवण जरा कच्ची असायची.”

मी शिवण दोन्ही हातांनी ताणून बघितली. उसवली नाही.

“ही पक्की आहे,” मी म्हणालो.

“मग!” वहिनी म्हणाल्या, आणि दोन कप चहा पिऊन गेल्या.

त्या गेल्यावर मी पट्टा गळ्यात अडकवून आरशापुढे उभा राहिलो. खिसा बरोबर डाव्या बाजूला, छातीवर आला. पेन लावलं. वाकून बघितलं. पडलं नाही.

हे लिहिण्याचं कारण एवढंच, की माझ्या शर्टाची पाठ आणि दोन्ही बाह्या अजून बाहेर आहेत. आपल्याही कपाटाच्या वरच्या फळीवर कोणाच्या तरी हातची, घडी न मोडलेली वस्तू असेल. कोणाची, ते आठवत नसेल तरी हरकत नाही. घेऊन या. स्वतः शिवली म्हणून सांगा. मी आतला दोरा बघेन आणि आपली तारीफ करेन.

मात्र शिवणारं माणूस अजून हयात असेल, तर गडबड नाही. जपून ठेवा.