मारोतरावच्या तुरीतला सायलेन्सर

हिरासिंग राठोडच्या जिपेला बुधवारी पंधरा वर्षं पूर्ण होत होती आणि त्याच्या सुनेला, रंजिताला, नववा सरत होता. बुधवारपर्यंत जीप तपासणीतून पास झाली नाही, तर ती रस्त्यावर आणायची नाही, असा कायदा. आणि तांड्यावर चारचाकी म्हणावी अशी वस्तू ती एकच. रंजिताला माहेरी आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच होतं, आणि हिरासिंगने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "बेटा, तू घोर करू नको. माही जीप हाय." तिच्यापेक्षा आता त्यालाच घोर लागला होता. मुलगा शाम वणीला कोळशाच्या ट्रकवर, तो फोनवरून फक्त "बापू, पाहून घेजा" एवढंच म्हणू शकत होता.

जीप आठवड्यापूर्वीच एकदा यवतमाळला जाऊन नापास होऊन आली होती. आरटीओच्या साहेबांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि वर बघितलं. जिपेचा सायलेन्सर ट्रॅक्टरसारखा बोनेटच्या बाजूने उभा निघून टपाच्याही वर गेला होता.

"हे काय आहे?"

"सायलेन्सर, साहेब."

"तो खाली असतो."

"आमच्याकडे वर असते."

साहेबांनी कागद परत दिले. कंपनीतून गाडी जशी निघाली तशी करून आणा, धुराचं सर्टिफिकेट, म्हणजे पीयूसी, काढा, मग या. त्यात त्यांचं काही चुकलं नाही. पण सायलेन्सर वर का गेला, हे त्यांनी विचारलंच नाही, आणि विचारलं असतं तरी हिरासिंगने सांगितलं नसतं.

त्याचं असं झालं होतं. मागच्या वर्षी हिरासिंगने जीप शेजारच्या मारोतरावच्या वावरातून काढली. सोयाबीन नुकतं कापलेलं, खाली वाळलेलं काड-कुटार, आणि वर जिपेचा तापलेला सायलेन्सर. बोलता बोलता जिपेखालून धूर निघाला आणि आग सरळ गंजीकडे गेली. सगळा तांडा धावला, हिरासिंगच्या बायकोने, सुखीबाईने, अंगावरची चादर भिजवून मारली, म्हणून अर्धी गंजी तरी वाचली. हिरासिंग नुकसानभरपाईची भाषा करू लागला तेव्हा मारोतराव म्हणाला, "मले पैसे नको. ज्यानं आग लावली त्याले माह्या ताब्यात दे."

मारोतराव हा असाच माणूस. त्याने तो सायलेन्सर खरोखर काढून घेतला, वावरातल्या बाभळीला टांगला, वर पत्र्याचा पंखा बसवला आणि पंख्याला एक मोठा नट बांधला. वारा सुटला की नट सायलेन्सरवर ठण्ण ठण्ण आपटायचा. रानडुकरं त्या आवाजाला भितात, असं मारोतराव गावभर सांगत फिरायचा. आवाज दाबायला बनवलेल्या वस्तूने वर्षभर इतका आवाज केला, की तांड्यावरच्या लोकांना वारा पडल्यावर झोप येईनाशी झाली. इकडे हिरासिंगने पुन्हा आग नको म्हणून उभा सायलेन्सर बसवून घेतला, आणि आपण फार डोकं लढवलं असं त्याला आठवडाभरापूर्वीपर्यंत वाटत होतं.

मंगळवारी सकाळी तो मारोतरावच्या बांधावर जाऊन उभा राहिला. तूर शेंगांनी लगडलेली होती.

"मारोतराव, तो सायलेन्सर पायजे होता."

"कायले?"

हिरासिंगने सगळं सांगितलं. साहेब, तपासणी, बुधवार, रंजिता. मारोतरावने शांतपणे ऐकलं आणि तुरीची एक शेंग फोडून दाणे तोंडात टाकले.

"आन् माह्या तुरीचं काय? ह्याले खाली घेतलं का डुकरं घुसले समज."

"एका दिसाचं काम हाय ना. नवा घ्याव तं ह्या मॉडेलचा भेटून नाही राह्यला. आर्णी पालथी घातली मी."

"एक दिवस म्हणजे किती वाजेपर्यंत?"

शेवटी ठरलं ते असं: सायलेन्सर मिळेल, पण मारोतराव सोबत येईल. सायलेन्सर जिपेला बसेल फक्त तपासणीपुरता, आणि शिक्का पडला की तिथल्या तिथे निघून मारोतरावच्या मांडीवर येईल. दिवस बुडायच्या आत तो पुन्हा बाभळीवर. हिरासिंगने सगळं कबूल केलं. गरजवंताला अक्कल नसते, आणि असली तरी ती दाखवायची सोय नसते.

बुधवारी सकाळी निघताना रंजिता दारात कमरेवर हात ठेवून उभी होती. हिरासिंग जिपेजवळच थांबला.

"दुखून राह्यलं काय?"

"थोडंसं, बापू. रातीपासून कंबर भरली."

"जा तुमी," सुखीबाई म्हणाली. "पह्यलं हाय. पह्यल्याले टाइम लागते. गाडी पास करून आणा म्हणजे झालं."

चाळीस किलोमीटर हिरासिंगने एका हाताने गाडी चालवली आणि दुसऱ्या हाताने फोन धरला. शेजारी मारोतराव सायलेन्सर मांडीवर घेऊन बसला होता, एसटीत बायका पोर घेऊन बसतात तसा. खड्डा आला की तो सायलेन्सर सांभाळायचा.

"जपून चालव. काही झालं तं डुकराले तू भेवाडशीन काय?"

"मारोतराव, मले कायचंच सुचून नाही राह्यलं. फोन आला नाही अजून."

"नाही आला म्हणजे बरं हाय."

"रेंज नसन तं?"

 मारोतराव बाहेर लोकांच्या तुरी पाहत बसला.

आरटीओच्या फाटकाजवळच्या मेकॅनिकने उभा पाइप काढून सायलेन्सर खाली बसवला. तोवर साडेअकरा वाजले. साहेब एकपर्यंत गाड्या पाहणार, त्याआधी धुराचं सर्टिफिकेट हवं. ते देणारी गाडी समोरच लिंबाखाली उभी होती. आत निकिता नावाची मुलगी लॅपटॉप घेऊन बसली होती. तिने सायलेन्सरात नळी घातली आणि म्हणाली, "काका, मी सांगते तेव्हा अॅक्सिलेटर पूर्ण दाबायचा."

हिरासिंगने देवाचं नाव घेऊन दाबला. निकिताने पडद्याकडे बघितलं, नळी काढली, फुंकली, पुन्हा घातली.

"परत दाबा."

पुन्हा दाबला. निकिता खाली उतरली.

"काका, शून्य येऊन राह्यलं."

हिरासिंगचा जीव भांड्यात पडला. "म्हणजे पास?"

"पासष्टच्या आत पायजे. पण शून्य नाही ना येत. पंधरा वर्षाची डिझेल जीप आन् धूर शून्य? असं सर्टिफिकेट दिलं तं माझं लायसन जाईल."

"अवो बाई, कमीच हाय ना धूर. कमी असणं गुन्हा हाय काय?"

"इतका कमी म्हणजे गुन्हाच."

आयुष्यभर जादा धूर सोडणाऱ्या गाडीचा मालक म्हणून हिरासिंगने बोलणी खाल्ली होती. कमी धुरासाठी खावी लागतील असं त्याला कधी वाटलं नव्हतं.  त्यात इंजिन गुरगुरलं, दोनदा हिसडे दिले आणि बंद पडलं. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. सुखीबाई.

"कळा सुरू झाल्या. याले किती टाइम हाय?"

"आलोच," हिरासिंग म्हणाला. तो जागचा हललाही नव्हता. "आलोच मी. शिक्का राह्यला फक्त."

"मी एकशे आठच्या अँब्युलन्सले फोन लावते."

"लावू नको. मी हाय ना. जीप हाय ना." पण फोन कट झाला होता.

त्याने चावी फिरवली. इंजिन कसंबसं चालू झालं. त्याच वेळी साहेब चहा पिऊन फाटकाकडे चालत येत होते, आणि जीप ओळखून ते मुद्दाम मागच्या बाजूने आले. सायलेन्सर खाली आहे का, हे पाहायला ते जरा वाकलेही.

हिरासिंगने अॅक्सिलेटर तळापर्यंत दाबला.

आधी नुसता घुसमटल्यासारखा आवाज आला. मग फट्ट झालं, नळी निघून लिंबाच्या बुंध्याला जाऊन लागली, आणि सायलेन्सरातून कापूस निघाला. थोडाथोडका नाही. अर्धी टोपली भरेल इतका कापूस, त्यात तुरीच्या शेंगांची टरफलं, बाजरीची कणसं आणि कोणाच्या तरी लुगड्याच्या काठाचा तुकडा. सगळा पसारा साहेबांच्या शर्टावर, मिशीवर आणि चष्म्यावर जाऊन बसला. रांगेतल्या ट्रकवाल्यांनी इंजिनं बंद केली, कारण असं रोज बघायला मिळत नाही.

साहेब हळूहळू सरळ झाले. मिशीवरचा पुंजका त्यांनी चिमटीत धरून निरखला.

"हे काय आहे?"

 मारोतराव पुढे झाला. "कापूस हाय, साहेब. माह्याच वावरातला दिसते."

"तो सायलेन्सरमध्ये कशाला भरला?"

"आमी नाही भरला. उंदरीनं भरला." मारोतराव खाली बसून घरटं चिवडू लागला. त्याच्या चेहऱ्यावर मोठी दुखावलेली कळा होती. "वर्षभर हे बाभळीवर टांगून होतं, साहेब. ठण्ण ठण्ण वाजे. डुकरं भेतात म्हणून मी सगळ्याइले सांगून राह्यलतो. आन् आत उंदरीनं बाळंतपण केलं."

बाळंतपण हा शब्द ऐकला आणि हिरासिंगचा धीर सुटला. त्याने साहेबांना सगळं एका दमात सांगून टाकलं. गंजीची आग, उभा पाइप, सुनेच्या कळा, आजचीच मुदत. आधी लपवलेलं होतं तेही सांगितलं.  साहेबांनी मधे एकदाही टोकलं नाही. ते चष्मा पुसत होते.

"परत घाला नळी," ते निकिताला म्हणाले.

या वेळी काळा, चांगला, ओळखीचा धूर निघाला. आकडा आला बावन्न. निकिताने सुटकेचा श्वास सोडला. "आता कशी जिपेसारखी जीप वाटते," ती म्हणाली. साहेबांनी दिवे पाहिले, ब्रेक पाहिला, चेसिसचा नंबर कागदाशी ताडला आणि आणखी पाच वर्षांची सही केली. जाताना एवढंच म्हणाले, "पुढच्या खेपेला आधी फुंकून आणा."

बाहेर येताच मारोतरावने पाना काढला.

"मारोतराव, आता नको. घरी जाऊन काढू."

"ठरलं ते ठरलं. बोली म्हणजे बोली."

"अहो, ते तापलं हाय."

ते खरंच तापलं होतं. मारोतरावने हात लावून पाहिला आणि बोटं तोंडात घातली. मग दोघं मैलाच्या दगडावर सायलेन्सर थंड व्हायची वाट पाहत बसले. हिरासिंग दर मिनिटाला फोन बघत होता. एवढ्या वेळात निम्मा रस्ता झाला असता, हे दोघांनाही कळत होतं. वीसेक मिनिटांनी मारोतराव उपरणं हाताला गुंडाळून जिपेखाली शिरला. दोन बोल्ट निघाले. तिसऱ्याला पाना लावला आणि फोन वाजला.

"छोरी," सुखीबाई म्हणाली. "दोघी बऱ्या हायेत. आर्णीच्या दवाखान्यात हाओत आमी."

"गेले कशे तुमी?"

"एकशे आठ आली ना. वीस मिनटात आली तांड्यावर."

 हिरासिंगने विचारलं, "त्या गाडीची पीयूसी होती काय?"

"मी पोरीकडे पाहू का पीयूसी पाहू?" म्हणून सुखीबाईने फोन ठेवला.

हिरासिंग दगडावर बसून राहिला. नात झाली याचा आनंद होताच, तो काही खोटा नव्हता. पण आठवडाभर जीव टांगणीला लावून, साहेबाच्या मिशीत कापूस घालून जी जीप पास केली, तिच्यात सून बसलीच नाही. आपण शब्द दिला होता. हातातल्या ताज्या शिक्क्याच्या कागदाकडे पाहताना त्याचे डोळे भरून आले आणि त्याने ते लपवलेही नाहीत.

जिपेखालून मारोतरावचे नुसते पाय दिसत होते. पाना काही वेळ थांबला. मग पुन्हा करकरायला लागला. मारोतराव बाहेर आला, उपरणं झटकलं आणि पुढच्या सीटवर जाऊन बसला. मांडी रिकामी.

हिरासिंगने वाकून पाहिलं. तिन्ही बोल्ट आवळलेले होते.

"मारोतराव, बोली होती ना."

"मंग? ज्याच्या पोटात उंदरीनं बाळंतपण केलं त्याले डुकरं भेतीन काय?" मारोतराव समोर रस्त्याकडे बघत म्हणाला. "आन् लेकराले घरी आणाव लागन. त्या उभ्या पाइपाचा आवाज आयकला का तं कान बसतीन तिचे. चाल, गाडी काढ."

त्या रात्री मारोतरावच्या तुरीच्या दोन ओळी डुकरांनी झोपवल्या. त्याबद्दल तो एक अक्षर बोलला नाही.

चौथ्या दिवशी संध्याकाळी जीप रंजिताला आणि नातीला घेऊन दवाखान्यातून निघाली. मागे सुखीबाई, पुढे मारोतराव, तो म्हणे आर्णीला सहज आला होता. सायलेन्सर आता मोकळा आणि गुणी झाला होता, इंजिनाची नुसती गुणगुण ऐकू येत होती. हिरासिंग दर खड्ड्याला गाडी थांबवल्यासारखी करत होता. "बसायले बरं वाटते ना, बेटा?" त्याने चौथ्यांदा विचारलं. "बरं वाटते, बापू," रंजिता म्हणाली.

मारोतरावच्या बांधापाशी जीप नाल्यात उतरली आणि पोरगी जागी झाली. तिने एकदा तोंड वाकडं केलं आणि मग जो टाहो फोडला, त्यात इंजिन ऐकू येईना. नाल्याकाठच्या झुडपात काहीतरी धडपडलं. चार मोठी रानडुकरं पिलांसकट बाहेर पडली आणि तुरीकडे पाठ करून टेकडीच्या बाजूला पळत सुटली.

हिरासिंगने गाडी उभी केली. मारोतराव डुकरं दिसेनाशी होईपर्यंत तिकडेच पाहत राहिला.

"हिरासिंग," तो म्हणाला, "सायलेन्सर ठेव तुह्यापाशीच. नातीले घेऊन मात्र रोज दिवस बुडता वावराकडून एक चक्कर मारत जा."