चकचकीत केलेली रायफल

"अहो, अण्णांना एकदा विचारायचं तरी!" इंदिराबाई गच्चीच्या दारातून तिसऱ्यांदा म्हणाल्या.

"विचारलं की संपलं. नको म्हणतील," वेणीमाधव म्हणाले आणि रायफलच्या लाकडी दस्त्यावर पॉलिश पेपर घासत राहिले.

अण्णा म्हणजे इंदिराबाईंचे वडील. वय ऐंशी, डोळ्यांना जेमतेम दिसायचं, जिभेला मात्र धार. पत्नी गेल्यावर ते गंगापूर रोडला लेकीकडे राहायला आले, ते लायसन्स आणि ही जुनी रायफल घेऊनच. एका वेळी एकच बारीक गोळी घेणारी, पॉइंट टू-टूची. तरुणपणी तिच्यावर त्यांनी नेमबाजीच्या स्पर्धा मारल्या होत्या. गोळ्या संपून वीस वर्षं झाली, तरी रोज संध्याकाळी ती मांडीवर घेऊन बसल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

आणि वेणीमाधव म्हणजे एकतीस वर्षांचा मुरलेला जावई. पाटबंधारे खात्यात आरेखक होते, तेव्हा त्यांच्या हातचं काम साहेबलोक नावाजायचे. सासऱ्यांच्या तोंडून मात्र 'शाब्बास' म्हणून काही निघालं नव्हतं. रविवारी अण्णांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. त्या दिवशी रायफल नव्यासारखी करून हातात ठेवायची आणि तो शब्द ऐकायचाच, असा बेत होता. हौस बघा माणसाची! अण्णांना सांगून टाकलं, रायफल बंदुकीच्या दुकानात तेलपाण्याला दिलीय.

दस्त्यावर गाल टेकायच्या जागी खळगा पडला होता. तो भुसा आणि गोंद भरून सपाट केला. मागे चपलेचं चामडं खिळ्यांनी ठोकलेलं होतं, ते "शी!" म्हणून उपटून कचऱ्यात टाकलं. नेम धरायची पट्टी डावीकडे वाकलेली, ती सरळ केली. गोळी भरायला मागे ओढायचा तो बोल्ट अडायचा, तळहाताचे दोन दणके दिल्याशिवाय हलायचा नाही. तोही सुळसुळीत झाला. वर अळशीच्या तेलाचे सात हात. इंदिराबाईंनीसुद्धा तोंडात बोट घातलं.

रविवारी ऐंशी दिव्यांनी ओवाळून झालं. पानं मांडायच्या आत वेणीमाधवांनी रायफल अण्णांच्या हातात दिली आणि कान टवकारून उभे राहिले.

अण्णांनी दस्ता गालाला लावला. खांद्याला लावला. बोल्ट ओढला, तो एका बोटाने मागे आला.

"ही कुणाची?"

"तुमचीच, अण्णा!"

"माझी? माझ्या गालाची जागा कुठंय? माझे हात लांब, दस्ता तोकडा पडायचा, म्हणून इंदू, तुझ्या आईनं स्वतःची चप्पल कापून चामडं दिलं होतं, ते कुठंय? माधवराव, फसवलं तुम्हाला दुकानदारानं. रायफल बदलली!"

वेणीमाधवांनी इंदिराबाईंकडे पाहिलं.

"अण्णा, लायसन्सवरचा नंबर जुळतोय," इंदिराबाई म्हणाल्या.

"नंबर काय, कुणीही ठोकतं!"

इंदिराबाईंचा चुलतभाऊ आल्हाद वकील. त्याला असलं काही मिळालं की जेवण सुचत नाही. "दुकानाचं नाव सांगा, भाऊजी. आत्ताच्या आत्ता जातो."

"आज रविवार... बंद असेल."

"मग पोलिसांत तक्रार देऊ!"

आता मात्र वेणीमाधव पुढे झाले. "अण्णा, दुकानात दिलीच नव्हती. मीच घासली, गच्चीवर बसून. माझं चुकलं."

अण्णा मनापासून हसले. "दुकानदाराला पाठीशी घालू नका. एवढं सुरेख काम तुमच्या हातून? छे! ज्यानं केलंय तो मोठा कारागीर आहे. शाब्बास म्हणावं त्याला!"

एकतीस वर्षांनी शब्द आला, आणि घ्यायला कुणी नाही. इंदिराबाईंनी भात वाढायला घेतला.

संध्याकाळी अण्णा रिकाम्या मांडीवर हात ठेवून बसले. रायफल कपाटात ठेवायला लावली होती. दुसऱ्याची वस्तू, ओरखडा नको. वेणीमाधव शेजारी जाऊन बसले. आपण काय घासून टाकलं, ते आता त्यांना नीट कळलं होतं, आणि ते परत करणं कुठल्याच कारागिराच्या हातात नव्हतं.

"सापडेल का हो माझी?" अण्णांनी विचारलं.

"शोधतो, अण्णा."

"मनाला लावून घेऊ नका. साध्या माणसाला लोक फसवतातच." आणि अण्णांनी, लग्नानंतर पहिल्यांदाच, जावयाच्या पाठीवरून हात फिरवला.