उजव्या फेरीचे रायर

पहाटे सव्वापाचला कॉलेजच्या मैदानावर पन्नासेक माणसं एका दिशेनं पळत असतात आणि एक माणूस उलट दिशेनं. तो एक माणूस म्हणजे माझे घरमालक, पांडुरंगराव. गोल मैदानावर अख्खं जग मधली हिरवळ डाव्या हाताला ठेवून पळतं. हे ती उजव्या हाताला ठेवतात, देवळात गाभारा ठेवावा तशी. त्यामुळे दर फेरीला प्रत्येक जण त्यांना समोरून भेटतो आणि हे दर वेळी प्रत्येकाला हात जोडून 'वणक्कम' करतात. तिथे पळायला येणारे एक डॉक्टर मला म्हणाले होते, "पळण्यानं मला दम लागत नाही हो. रायरना नमस्कार करून करून लागतो."

मराठी घरांतल्या पुरुषांना इथले तमिळ लोक रायर म्हणतात. आमच्या गल्लीत हे 'ओडुम रायर', म्हणजे पळणारे रायर.

मी मूळची नगरची. बँकेनं बदली करून कुंभकोणमला पाठवलं, तेव्हा दलाल म्हणाला, मालक तुमचीच भाषा बोलतात. भाषा माझीच होती, पण माझ्या खापरपणजीची. यांचे पूर्वज तंजावरच्या मराठी राजांच्या पदरी होते. भाषा तेव्हापासून जागची हलली नाही, फक्त वरून तमिळची फोडणी बसली. पहिल्याच दिवशी मला ऐकवलं, "तुझी मराठी बहू घाईची गो पोरी. अर्धे शब्द गिळून टाकतीस." मी त्यांना मामा म्हणू लागले. इथे शेजारच्या वडीलधाऱ्या माणसाला मामाच म्हणतात.

मामांची सारी नोकरी जमीन मोजणी खात्यात गेली. पळण्याची वाटसुद्धा त्यांनी साखळी टाकून मोजलेली. तिरुनागेश्वरम् किती लांब, असं त्यांना विचारायची सोय नाही. "देवळापुढच्या फुलवालीच्या टोपलीपर्यंत कीं टोपलीच्या पलीकडे?" असा उलट सवाल येतो. मी मनगटावरचं महागडं घड्याळ दाखवलं, तर म्हणाले, "यांत उपग्रह असेल. मजपाशी साखळी आहे."

पळणं कमी पडलं म्हणून ते ट्रायथलॉन करायला लागले. आधी पोहायचं, मग सायकल, मग पळायचं. सायकल वडिलांच्या वेळची, मागे कॅरियर, कॅरियरवर दहीभाताचा डबा. पोहायला कावेरी, पण कावेरी बोलूनचालून सरकारी पाहुणी, वरून सोडली तर येणार. ती कोरडी असली की मामा इन्नंबूरला एका मित्राच्या शेतातल्या विहिरीत पोहतात. विहिरीत गोल गोल. अर्थात उजवीकडून.

साध्या रस्त्यावर डावीकडे वळायला त्यांची ना नाही. फेरी मात्र उजवीच. "मधलें तें उजव्या हातीं. पोदुम!" एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान. पोदुम म्हणजे पुरे. ते एकदा पोदुम म्हणाले की वाद संपला.

शर्यत भरवणाऱ्यांचं तत्त्वज्ञान नेमकं उलट. पहिल्याच ट्रायथलॉनमध्ये पाण्यातले नारिंगी फुगे डाव्या हाताला ठेवून वळसा घालायचा होता. मामा उलटे गेले. समोरून येणारे ऐंशी जण आणि त्यांना पाण्यातून वणक्कम करणारे हे! होडीवाल्यांना वाटलं, म्हातारा बुडतोय. त्यांनी ओढून होडीत घेतलं, तर मामांनी होडीलाही सांगितलं, "उजवीकडून ने." दुसऱ्या एका शर्यतीत बाद केल्यावर त्यांनी आयोजकांना प्रमाणात काढलेला नकाशा पाठवला. दोन्ही बाजूंनी अंतर सारखंच भरतं, हे त्यात इंचाइंचानं सिद्ध केलेलं. नकाशा फार सुंदर आहे, असं उत्तर आलं. नाव काही निकालात आलं नाही.

पाच शर्यती झाल्या, पाचही वेळा बाद. आणि या माणसाला निकालातलं ते नाव मनापासून हवं होतं. एकदा कॉफी पिताना म्हणाले, "जन्मभर दुसऱ्यांचीं नांवें जमिनीच्या दप्तरीं चढविलीं. एकदां माझें कोण्या यादींत चढूं दे कीं. शेवटचें असलें तरी चालेल."

त्यात गुडघा बिघडला, उजवाच. इतकी वर्षं एकाच बाजूला वळल्यावर दुसरं काय होणार? त्यांचे दोन बूटसुद्धा वेगवेगळ्या वेळी म्हातारे होतात. त्याच मैदानावरच्या डॉक्टरांनी निकाल दिला: आणखी एक शर्यत, मग बंद.

मी हट्टाला पेटले. मला वाटत होतं, हे सगळं सोवळ्याचं प्रकरण आहे. देवाला उजवी, प्रेताला डावी, म्हणून डावी अशुभ. शास्त्राचा अडसर शास्त्रानंच काढावा म्हणून मी एका रविवारी तिरुविसनल्लूरला राहणाऱ्या एका वृद्ध शास्त्रीबुवांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मध्यें देव आहे?"

"नाही. फुगा आहे."

"फुग्यास कसली प्रदक्षिणा? पोहूं दे त्यास."

मी उड्या मारतच परत आले. मामा ओसरीवर बसून गुडघ्याला तेल चोळत होते. मी शास्त्रीबुवांचा निर्णय सांगितला.

"शास्त्र मज कोण शिकविणार?" ते म्हणाले. "पाप लागेल म्हणून भितों, असें वाटलें तुज?"

"मग काय?"

"डावीकडून एकदांच फिरलों. खांद्यावर मडकें घेऊन. तुझी मामी गेली तेव्हां." त्यांनी तेलाच्या वाटीवर झाकण ठेवलं. "ती फेरी तिची. ती फुग्यास कशी देऊं?"

मी मामींना पाहिलं नव्हतं. सात वर्षांपूर्वी त्या गेल्या आणि महिन्याभरात मामा पळायला लागले, एवढं गल्लीत ऐकलं होतं. मी शहाणपणा करायला गेले याची मला फार लाज वाटली. म्हटलं, "मामा, उजवीकडूनच पोहा. खड्ड्यात गेली ती यादी."

त्यावर ते पोदुम म्हणाले नाहीत. तेलाची वाटी उचलून आत गेले.

शेवटची शर्यत एका मोठ्या तलावावर होती. मी डबा सांभाळत काठावर उभी होते. फुगे डाव्या हाताला ठेवून दोन फेऱ्या, त्याही पाऊण तासाच्या आत, मग सायकल. शिट्टी झाली. सगळे पाण्यात झेपावले. मामा पहिल्या फुग्यापाशी पोचले आणि थांबले. नुसते पाय हलवत तरंगत राहिले. मागचे चार-पाच जण त्यांना ओलांडून गेले. मग मामा डावीकडे वळले.

मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्या बाईचा चहा सांडला. पहिली फेरी झाली, दुसरी झाली. वेळ अजून बाकी होता. आता बाहेर यायचं, सायकल घ्यायची, यादीत नाव नक्की! आणि मामा काठाकडे न येता पुन्हा फुग्याकडे वळले. पंच त्यांना बाहेर बोलावत भोंग्यावरून ओरडले, "अय्या, पोदुम! वांग!" मी ओरडले, होडीवाले ओरडले. मामा आपले एका लयीत, हळूहळू, तिसरी फेरी घालत होते.

ते बाहेर आले तेव्हा पाऊण तास उलटून गेला होता. पंचांनी हळहळत त्यांच्या दंडावरचा नंबर खोडला. सांगितलेल्यापेक्षा जास्त पोहून बाद झालेला हा पहिलाच माणूस, म्हणाले.

"मामा, दोनच होत्या हो!" मला रडू आवरेना.

"ठाऊक आहे." ते टॉवेलनं डोकं पुसत माझ्याशेजारी बसले. "त्या बाजूनें गेल्यावर दोनावर कसें सोडूं, पोरी? तीनच घालतात."

मी डबा उघडून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी हात लावला नाही. तलावाकडे बघत होते.

"त्या दिवशीं वाध्यार मंत्र सांगत घाई करीत होता," ते म्हणाले. "'सीक्रम, सीक्रम', लौकर चाल, मागें दुसरें येतें आहे. धांवतच फिरलों तिच्याभोवतीं. आज पाण्यांत कोणाचें ऐकूं आलें नाहीं. सावकाश झालें."